कर्तव्यात कसूर

मधल्या टेबलाखाली शिरून तंत्रज्ञाने प्लग असा उपटला, की बोर्डाचं झाकणही हातात आलं. वर हॉलभर संगणकांचे पडदे काळे पडले होते.

"पुन्हा गेलं?" टायपिस्टबाईंनी विचारलं.

"गेलं. जावयासारखं रुसतंय. कारण सांगत नाही."

मेमरी बदलून झाली होती, व्हायरस शोधून झाला होता, सगळ्या मशीनवर विंडोज नव्याने टाकून झालं होतं. चार दिवस बरे जात. मग साहेबांचं परिपत्रक सगळ्यांना जाई, लोक ते उघडत आणि एकामागोमाग एक डेस्कटॉप मान टाकत. परिपत्रकं बाई टाइप करत. तेवढ्यावरून साहेबांनी निदान केलं होतं, की बाई घरच्या पेनड्राइव्हमधून रोग आणतात.

साहेब तंत्रज्ञाचे भावोजी. ऑफिसात 'सर' म्हणायचं ठरलं होतं. हे गुपित शिपायासकट सगळ्यांना पाठ होतं.

ते केबिनबाहेर आले आणि बाईंच्या मागे उभे राहिले.

"बाई, लिहून घ्या. निलंबनाचा आदेश."

"कोणाचा?"

"तुमचा."

हॉलमधल्या खुर्च्यांची कुरकुर थांबली. बाईंनी मशीन पुन्हा सुरू केलं. ते जागं होईपर्यंत त्या चष्मा पुसत राहिल्या.

"माझा फास मीच वळते," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याने टाइप केला तर शुद्धलेखनाच्या चुका राहतील."

"तोंड आवरा. लिहा. सदर कर्मचाऱ्याने आपल्या कर्तव्यात कसूर—"

पडदा काळा झाला.

"बघा! डोळ्यांदेखत! एवढा निगरगट्टपणा!"

तंत्रज्ञ बघतच होता. त्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला, मशीन उठवलं आणि एकच शब्द टाइप केला. काळोख. शेजारच्या मशीनवर जाऊन तोच शब्द टाइप केला. काळोख. तिसऱ्या मशीनवर आधी फॉन्ट बदलून जुना घेतला. 'कर्तव्य' पडद्यावर शांत बसून राहिलं.

साहेबांचं एकही परिपत्रक या शब्दाशिवाय पुरं होत नसे. आणि परिपत्रक नव्या फॉन्टमध्येच पाठवायचं, हाही साहेबांचाच हुकूम; आजपासून तर टाइपही त्यातच करायचं होतं. तो फॉन्ट त्यांच्या चिरंजीवांनी सुट्टीत बसून बनवला होता.

तंत्रज्ञाची कानशिलं तापली. एवढे दिवस तो कोळ्यासारखा टेबलांखाली रांगत होता.

"सर, बाईंचा काही संबंध नाही. फॉन्ट फुटका आहे. त्याला 'कर्तव्य' झेपत नाही, मशीनला घेऊन पडतो."

"फॉन्ट कोणाचा आहे, कल्पना आहे ना?"

"मामा आहे मी त्याचा, भावोजी."

कोपऱ्यात कुणीतरी खोकल्यासारखं केलं. साहेबांची मान लाल झाली. त्यांनी छताकडे बघत विचार केला, आणि मग त्यांना मार्ग सापडला.

"बाई, कीबोर्ड घ्या. 'कर्तव्यात' नको. 'कामात कसूर' लिहा."

'कामात कसूर' बिनबोभाट उमटलं. पाठोपाठ संगणकांना झालेला अपाय, त्याला जबाबदार म्हणून बाईंचं नाव आणि खाली 'तपासणी करणाऱ्याची सही'. कुठेही काही अडलं नाही. प्रिंटरने कागद अगदी आज्ञाधारकपणे बाहेर ढकलला.

साहेबांनी तो तंत्रज्ञापुढे धरला आणि आवाज खाली आणला.

"सही कर. एक बाई गेल्याने आभाळ कोसळत नाही. पोराचं नाव वर गेलं तर माझी शोभा, आणि तुला कोणी आणलं हेही लोक विचारतील. संध्याकाळी येतोयस ना जेवायला? ताई वाट बघतेय."

बाईंनी खुर्चीच्या पाठीवरचा स्वेटर काढून पिशवीत कोंबला. पिशवीचा बंद अडकला. त्यांनी तो इतक्या जोरात खेचला, की तुटून हातात आला. त्या कुणाकडेही बघत नव्हत्या.

"पेन द्या," तंत्रज्ञ म्हणाला.

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि खिशातलं स्वतःचं पेन टोपण काढून पुढे केलं.

त्याने कागद टेबलावर ठेवला, उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर अगदी वरच्या टोकापासून लिहायला घेतलं. पेनाच्या टोकाखाली कागद फाटेल की काय असं वाटत होतं. 'कर्तव्य'पाशी तो थांबला. रफार नीट काढला, मगच पुढे गेला.

"मागे काय लिहितोयस?"

"कारण. मशीनवर लिहिता येत नाही ना."

"अरे, पण—"

"ताईला सांगा," मान वर न करता तो म्हणाला, "माझं ताट मांडू नकोस म्हणावं."