टाचेवरचा बिब्बा

नलूच्या डाव्या टाचेवर काळा ठिपका उठला, तेव्हा सासूने, ठमाबाईने, दिव्यावर बिब्बा धरला. दाभणाला टोचलेल्या बिब्ब्याचं तेल सुटलं की टाचेला चटका द्यायचा. वाळूत उभं राहून मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या भेगांना घरोघरी हेच औषध. दर शनिवारी चटका बसू लागला. डाग पसरत चालला, तर ठमाबाई म्हणे, "बिब्ब्याचा डाग काळाच असतो गो. राजाची रानी हायस का तू?"

वर्षभराने टाच चिघळली, तेव्हा लेक हेतल तिला मांडव्याहून बोटीने मुंबईला घेऊन गेली. कातडीचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "टाचेतल्या गाठीचा तुकडा तपासू. त्यात शरीराचे शिपाई सापडतात. काही गाठीला मारणारे, काही खबर पोचवणारे, आणि काही फितूर, आपल्याच शिपायांना गप्प बसवणारे. मारणारे भरपूर असले तर त्यांना जोर देणाऱ्या इंजेक्शनाची आशा. तोवर टाचेला काही लावू नका."

तुकडा काढायच्या चार दिवस आधी ठमाबाईने पाय धरला. "ह्यो शेवटचा." नलू 'न्हाय' म्हणाली नाही, पंचवीस वर्षांत कधी म्हणाली नव्हती. डॉक्टरबाईंपाशीही बोलली नाही.

तुकड्यात शिपायांची जत्रा निघाली, सगळ्या जातींची. नलूने देवीला खण-नारळ वाहिला, सोमवार धरले. चार इंजेक्शनं झाली. जांघेत आवळ्याएवढी गाठ आली, मग लिंबाएवढी.

दुसरा तुकडा जांघेतून काढला. त्यात मारणारे औषधालाही नव्हते. होते ते फितूर.

"पहिल्या वेळी टाचेला काय लावलं होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"बिब्बा."

"मग ते शिपाई चटक्यासाठी धावले होते, नलूताई. गाठीसाठी कोणी आलंच नव्हतं."

"आता?"

"आता दुखणं कमी करू."

घरी दिवेलागणीला ठमाबाईने सगळं ऐकलं आणि ती हसली. "म्हंजे शिपाई माझ्या बिब्ब्यानंच आनलं ना? मंग जांघंत बी लावू." दाभण दिव्यावर होतंच.

नलूने ते तिच्या हातातून अलगद घेतलं. दुसऱ्या हाताने म्हातारीचा घोटा आवळला आणि तेल सुटलेला बिब्बा तिच्या टाचेवर दाबून धरला. किंकाळी ऐकून हेतल धावत आली.

"बस गो," नलू हळूच म्हणाली. "आजीला किती शिपाई येतात, बघू."