सेल काढलेला रिमोट

मी रिमोट बोलतोय. दुसऱ्यांचा आवाज कमी-जास्त करण्यात जन्म गेला, स्वतःचा आज पहिल्यांदाच काढतोय. तोही ड्रॉवरमधून, आणि रागाने.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतो तो बाबांचा हात. नवा टीव्ही आणला तेव्हा कितीतरी दिवस त्यांनी मला प्लास्टिकच्या पिशवीसकटच वापरलं. "खराब होईल," म्हणायचे. त्याच वर्षी ती मालिका सुरू झाली. अवकाशात हरवलेल्या आपल्या वडिलांना शोधत एक मुलगी जहाज घेऊन ग्रहाग्रहांवर हिंडते, अशी गोष्ट. बाबा, ताई आणि धाकटा, तिघांनी पहिला सीझन एकमेकांना खेटून पाहिला. मग बाबा "कामासाठी जातोय, येतो" म्हणून गेले, ते गेलेच.

मालिका मात्र दरवर्षी येत राहिली. ताई चष्म्याच्या दुकानात लागली, धाकटा मोठा होऊन फ्रिज दुरुस्त करू लागला, तरी रविवारी दुपारी दोघं सोफ्यावर हजर. मी बरोबर मधे. नियम एकच, एकट्याने पुढचं पाहायचं नाही.

कधी धाकट्याचा मित्र यायचा. तो आला की वादाला तोंड फुटलंच म्हणून समजा.

"अवकाशात वारा नाही, मग हिचे केस उडतात कसे?"

"तू केस बघायला बसलायस का?" धाकटा उसळायचा. "वडील कसे सापडतात ते बघ."

"लेखकांना तरी माहितीये का? नुसते राक्षस दाखवतायत."

"सापडणार म्हणजे सापडणार!"

ताई नेमकी तेव्हाच चहा करायला उठायची.

शेवटचा भाग आला त्या आठवड्यात ती भर दुपारी घरी आली. एकटीच. तिच्या अंगठ्याला घाम आला होता. तिने भाग संपेपर्यंत पाहिला, मला जागेवर ठेवलं आणि बंद पडद्याकडे बघत बसली. मला फार लागलं ते. नियम तिचाच, आणि मोडायला बटणं माझी.

रविवारी मित्रही आला होता. धाकटा भाग लावायला गेला, तर किती पाहून झालं ते दाखवणारी चित्राखालची लाल रेघ आधीच शेवटापर्यंत भरलेली.

"ताई, तू पाहिलंस?"

"नको बघूस रे."

त्याने पाहिलाच. लढाई झाली, जहाजं जळली, आणि ती मुलगी एका चंद्रावर लग्न करून सुखाने नांदू लागली. वडिलांचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

मित्राने कपाळावर हात मारला. "सगळा खर्च आगीवर केला. बाप विसरले की रे हे!"

"विसरतात कसे?" धाकट्याचा आवाज चिरकला. मग तो ताईकडे वळला. "तुला माहीत होतं."

"वाटलं, आधी आपण बघावं. वाईट असेल तर तुला सांभाळून सांगता येईल."

माझं बटण दाबून त्याने टीव्ही बंद केला.

"बाबांचंही तुला आधीच माहीत होतं?"

ताई चहाचे कप गोळा करू लागली.

"दरवर्षी 'येतील' म्हणायचीस."

"जाताना सांगून गेले होते मला, परत येणार नाही म्हणून," ताई म्हणाली. "तू लहान होतास रे."

पुढच्या क्षणी मी भिंतीवर आपटलो.

मित्र म्हणे अजूनही त्या शेवटावरून फोनवर लोकांशी हमरीतुमरीवर येतो. लेखक मोकळे सुटले, बाबाही मोकळे सुटले. बोलणं बंद झालं ते या दोघांचं, ज्यांनी एकमेकांना कधी सोडलं नव्हतं. हा कुठला न्याय?

माझं झाकण फुटलंय, सेल भिंतीवरच्या घड्याळात गेलेत. रविवारी धाकटा सोफ्याच्या एका टोकाला फोन बघत बसतो, ताई स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. मधल्या जागेवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग असतो. कधीतरी धाकटा ड्रॉवर उघडतो, मला हातात घेतो, एक बटण दाबतो आणि परत ठेवून देतो.

मला सेल नकोत, नवं झाकणही नको. टीव्ही बंदच राहू दे. फक्त कुणीतरी ते कपडे उचला आणि मला तिथे, मधे ठेवा. लेखकांना शिव्या घालायला का होईना, दोघं शेजारी बसतील.