बकऱ्याने ओढलेला पाय

लोकरीच्या मोठ्या तंबूबाहेर रबरी जोड्यांचा ढीग पडला होता. वरचे रबरी जोडे दाराशी काढायचे आणि आतले मऊ चामड्याचे बूट पायात तसेच ठेवून बसायचं, ही किरगिझांची जुनी रीत. त्या दिवशीचा ढीग पाहता ताश-केचू गावात घरी कुणी उरलं असेल असं वाटत नव्हतं. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे वाडगे हातोहात फिरत होते, म्हाताऱ्या कंबर धरून बसल्या होत्या, आणि मधोमध तोक्तोबाय तबीब, म्हणजे हातगुणाचा वैदू, एका आडव्या पडलेल्या मेंढपाळाच्या टाचा तळहातांवर घेऊन बसला होता.

"बघा, डावा पाय आखूड. दिसतोय ना सगळ्यांना?"

दिसत होता. उजवा बूट चांगला बोटभर पुढे आला होता.

"जन्मभर उलाक खेळलास," तबीब मेंढपाळाला म्हणाला. "घोडा पळवत खाली वाकायचं, मेलेला बकरा उचलायचा, ओढत न्यायचा. तुला काय वाटलं, बकरा गप्प बसेल? आता तो तुझ्या कमरेत बसून पाय वर खेचतोय."

"मी तर उलाक खेळत नाही," लोकर तुडवून नमदे, म्हणजे जाड बिछायती, बनवणाऱ्या एका बाईने विचारलं. "माझ्या कमरेत काय आहे?"

"तुझ्या कमरेत मेंढ्या. ज्यांची लोकर तुडवतेस, त्याच."

कुणी हसलं नाही. तबीबाकडे प्रत्येक कमरेसाठी एक जनावर तयार होतं. एका ट्रकवाल्याच्या पाठीतून तर त्याने उंट काढून दाखवला होता, आणि एवढा मोठा उंट तिथे मावला कसा, हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. त्याने डोळे मिटले, फुंकर मारली, मोठ्याने ओरडून आखूड पाय ओढला आणि दोन्ही टाचा जुळल्या. तंबूभर "वाह, वाह" झालं.

दारात उभ्या असलेल्या मीरिमने हे सगळं पाहिलं. ती तालुक्याच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. दुखऱ्या पाठी आणि आखडलेले गुडघे चालते करणं हेच तिचं काम. सकाळी आईचा, बात्मा आपाचा, फोन आला होता. "तिलेक बरा झाला गं. एका रात्रीत दुखणं गेलं. मी शुभ म्हणून शेजारी कणकेचे बोर्सोक तळून वाटले. आता तू यायची काही गरज नाही." धाकट्या भावाचं दुखणं गेलं म्हणून तिला आनंद व्हायला हवा होता. पण 'एका रात्रीत' हे ऐकून ती मिळेल त्या जीपने निघाली.

तिलेक म्हणजे त्या खोऱ्यातला उलाकचा पहिल्या नंबरचा स्वार. महिन्यापूर्वी बकरा उचलायला वाकला असताना कमरेत काहीतरी कट् झालं, आणि तेव्हापासून दोन्ही पायांतून कळा निघत होत्या. मीरिमने सांगितलं होतं की आता खोगिरावर बसायचं नाही, शहरात येऊन तपासून घ्यायचं. त्याने खोगीर सोडलं, पण तपासायला आला नाही. मोठा सामना तोंडावर होता, आणि आईचा तबीबावर भरवसा होता.

"आता आपला तिलेक," तबीबाने हाक मारली. "परवापर्यंत रडत होता. बकरा परत येऊ नये म्हणून आज त्याला शेवटचा बंध बांधायचाय."

तिलेक हसत पुढे आला. सगळे त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. मीरिम पायांकडे बघत होती. चालताना त्याचे चवडे उचलले जात नव्हते, बुटांची टोकं नमद्यावर घासत होती.

तो आडवा झाला. "दुखतं का, बाळा?" तबीबाने विचारलं.

"नाही, बाबा. काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?" मीरिम पुढे झाली. "दुखत नाही, की काहीच कळत नाही?"

"मीरिम, खाली बस," बात्मा आपा दबक्या आवाजात म्हणाली. "मोठ्यांच्या मध्ये तोंड घालू नकोस."

"एकच विचारते, आपा." ती भावाच्या कानाशी वाकली. "खोगिराला टेकतो तो सगळा भाग, तिथे हात लावलेला कळतो का?"

तिलेक लाजून लाल झाला. "एजे, ताई ना तू, इतक्या लोकांत काय विचारतेस? बधिर आहे जरा. स्वाराचं बूड बधिर होतं, त्यात नवं काय? दिवसभर घोड्यावर बसलं की होतंच."

"घोड्यावर शेवटचा कधी बसलास?"

तिलेक बोटांवर दिवस मोजायला लागला. महिनाभर तो घोड्यावर बसलाच नव्हता.

मीरिमने त्याचा हात धरला. "ऊठ. आत्ताच्या आत्ता शहरात जायचंय. कमरेतली गादी सरकून नसा चेंगरल्यात. उशीर झाला तर पाय जातील."

"आज उठला तर बकरा परत येईल," तबीब म्हणाला, आणि आईने तिलेकचा दुसरा हात घट्ट धरला.

"त्याचे पाय सारखे झालेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेत, मीरिम. तू नव्हतीस तेव्हा. त्याच्या उशाशी मी होते."

हे तिला लागलं. पण आईने हात सोडल्याशिवाय भाऊ उठणार नव्हता. ती गावच्या पांढऱ्या दाढीच्या, वडीलधाऱ्या मामबेत अक्साकालांकडे वळली.

"बाबा, तुम्ही कधी उलाक खेळलात?"

"आयुष्यात नाही. मला घोड्याची भीती वाटते."

"मग इथे पडा जरा."

म्हातारा कुरकुरत आडवा झाला. मीरिमने त्याच्या टाचा हातांवर घेतल्या आणि तबीबासारखे डोळे मिटून फुंकर मारली. डावा पाय बोटभर आखूड झाला. पोरींनी तोंडावर हात नेले.

"हा बकरा कुठून आला?" मीरिम म्हणाली. "आता डाव्या पायाकडे बघू नका, उजव्या बुटाकडे बघा. आत लोकरीचा मोजा आहे आणि बूट सैल आहे. मी तो टाचेवरून जरासा ओढून घेतलाय. पाय जागचा हललेला नाही, नुसता बूट पुढे आलाय. आता मी ओरडून डावा पाय ओढणार, म्हणजे तुम्ही तिकडे बघाल, आणि दुसऱ्या हाताने उजवा बूट गुपचूप परत चढवणार." तिने तसं केलं. टाचा जुळल्या. "तबीबसाहेब, आता बूट काढून करून दाखवा."

"अनवाणी पायाला आशीर्वाद लागत नाही," तबीब म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

अक्साकाल उठून बसले. "म्हणजे या पोरीने माझ्यात नसलेला बकरा घातला आणि बाहेरही काढला."

आता मात्र लोक हसले. नमदेवाली बाई हसली नाही. "पण माझी कंबर खरंच हलकी झाली होती."

"झाली असेल," मीरिम म्हणाली. "कामाने धरलेली पाठ बहुतेक वेळा आपली आपणच सुटते. तुम्ही उताणं पडलात, थोडा आराम मिळाला, कुणीतरी मायेने हात लावला. बरं तुमच्या शरीराने केलं, नाव तबीबाचं झालं."

"आणि माझ्या तिलेकचं?" बात्मा आपाने विचारलं.

रुग्णांना ती रोज समजावून सांगायची, आईला कसं सांगावं ते तिला कळेना.

"आपा, नस ओरडत होती. ती बरी होऊन गप्प झालेली नाही. मरायला लागलीय म्हणून गप्प झालीय."

आईची पकड सुटली. तिलेकने कोपरांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला आणि त्याच्याखालचा नमदा दिसला. तो ओला होता. तिलेकला ते माहीतच नव्हतं, सगळ्यांच्या नजरा जिथे गेल्या तिथे त्याने पाहिलं तेव्हा कळलं. बात्मा आपाने डोक्याचा मोठा पांढरा रुमाल सोडला आणि पोराच्या मांड्यांवर पसरला. तिचं डोकं चारचौघांत उघडं कुणी कधी पाहिलं नव्हतं.

मग पुरुषांनी त्याला नमद्यासकट उचलून जीपमध्ये ठेवलं.

शहरात त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. बधिरपणा आला त्याच दिवशी आणला असता तर बराच फरक पडला असता, असं डॉक्टर म्हणाले. वाईट हेतूने म्हणाले नाहीत, पण आईने ते ऐकलं. पाय थोडे परत आले. बाकीचं आलं नाही. तिलेक काठी घेऊन चालतो, आणि लघवीची पिशवी त्याच्या विजारीच्या आत बांधलेली असते. त्याचा घोडा मामाकडे गेला. बात्मा आपाने त्या सकाळनंतर चुलीवर तेल तापवलेलं नाही. कधीतरी भांडी घासता घासता ती विचारते, "मी बोर्सोक वाटत होते, तेव्हा त्याची नस मरत होती ना?" मीरिम "हो आपा" म्हणते. दुसरं काय म्हणणार?

तबीबाने तंबू गुंडाळला आणि पलीकडच्या खोऱ्यात उभा केला. तिथेही दाराशी रबरी जोड्यांचा ढीग लागला. म्हणून शरद ऋतूत, तिथल्या उलाकच्या दिवशी, बहीण-भाऊ तिकडे गेले. खेळ सुरू होण्याआधी तिलेक काठी टेकत स्वारांच्या रांगेसमोर उभा राहिला. त्याला सगळे ओळखत होते.

"कंबर दुखली तर घाबरू नका," तो म्हणाला. "झेपेल तसं चालत-फिरत राहा, अंथरूण धरू नका. ओझं उचलताना गुडघे वाकवा. नमदे लाटणाऱ्या बायांनाही सांगा, अधूनमधून उठून पाठ सरळ करा. एवढ्यानेच बहुतेकांचं भागतं. पण घोड्यावरून उतरल्यावर बूड जागं होतं का?"

हशा पिकला. "तुला रे आमच्या बुडाची काय काळजी?" एकाने विचारलं.

तिलेकने विजारीचा एक पाय वर ओढला आणि पिशवी दाखवली. हसू थांबलं.

"खोगिराची जागा बधिर झाली, लघवी कळेनाशी झाली, पाय लुळे पडायला लागले, तर तबीब नको आणि उद्याही नको. त्याच दिवशी इस्पितळ. बहिणीने विचारलं तर बहिणीला सांगा. मला लाज वाटली. कुठली गोष्ट खरी मानायची ते डोळ्यांना दिसलं म्हणून ठरवू नका, विचारा, तपासा, बूट काढायला लावा."

रांग पांगली. शेवटचा एक स्वार तेवढा तिथेच रेंगाळला. दाढीही नीट न आलेला पोरगा होता. तो घोड्यावरून सावकाश उतरला, इकडेतिकडे पाहिलं आणि मीरिमला हळूच म्हणाला, "एजे, शहरात जायला गाडी कुठून मिळते?"

मीरिम त्याला घेऊन रस्त्याकडे निघाली. तिलेकने त्याच्या घोड्याचा लगाम धरला. खोगीर अजून गरम होतं. त्यावर तळहात ठेवून तो तिथेच उभा राहिला, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.