एका मॅचचा फॉरवर्ड

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या डॉ. चंद्रशेखर खानोलकरांना जगात एकच प्रश्न नकोसा होता, आणि तो मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, पानात श्रीखंड पडायच्या आधी हमखास यायचा. "मुलगा काय करतो हल्ली?"

"फिरतीची नोकरी आहे," डॉक्टर म्हणायचे आणि मठ्ठा मागायचे.

हे खोटं नव्हतं. मिहीर व्यावसायिक आइस हॉकी खेळायचा. धाकट्या लीगमधल्या एका संघात तो फॉरवर्ड होता. म्हणजे बर्फावरून सुसाट पुढे जाऊन गोल करायचा, आणि त्याबद्दल धिप्पाड माणसांकडून भिंतीवर आपटून घ्यायचं. संघ बसने दहा-दहा तास प्रवास करायचा. फिरती याहून जास्त ती काय असणार? त्याचे पुढचे दोन दात गेले तेव्हा मंडळाला 'किरकोळ अपघात' असं कळवण्यात आलं. सात वर्षांत डॉक्टर एकाही मॅचला गेले नव्हते. शैलजाबाई दोनदा गेल्या आणि दोन्ही वेळा डोळे मिटून बसल्या.

आपल्या समाजात मुलांचे दोनच प्रकार असतात: सांगण्यासारखी आणि फिरतीवरची.

२००७ च्या नोव्हेंबरात, एका बुधवारी, मिहीर अचानक सांगण्यासारखा झाला. मोठ्या लीगमधल्या एका संघाचा फॉरवर्ड जायबंदी झाला आणि मिहीरला बोलावणं आलं. मॅच शनिवारी दुपारी, घरापासून तासाभरावर, आणि चक्क टीव्हीवर! डॉक्टरांनी ही बातमी फक्त मंडळाचे अध्यक्ष श्रीराम यांना सांगितली. संध्याकाळपर्यंत ती एडिसन गावापर्यंत पोचली.

गुरुवारी मिहीर घरी आला तो थेट आपल्या खोलीत गेला आणि पडदे ओढून, गॉगल लावून बसला. आईनं केलेलं थालीपीठ तसंच राहिलं. डॉक्टर आत गेले.

"बाबा, एक विचारू? यू आर अ डॉक्टर."

"विचार की."

"मंगळवारच्या मॅचमध्ये मला हिट लागला. डोक्याला. त्याच्यानंतरचं काहीच आठवत नाही. लाइट बघितला की उलटी येते."

"संघाच्या डॉक्टरला सांगितलंस?"

"नाही. सांगितलं तर दुसऱ्याला बोलावतील. माझ्यामागे लाइन आहे, बाबा. मी सव्वीसचा आहे. दे वोन्ट कॉल अगेन." तो थांबला. "तुम्ही सांगा. खेळू का?"

तेवढ्यात हॉलमधला फोन वाजला. श्रीराम होते.

"डॉक्टर, बस फुल! दुसरी केली. शनिवारची सभा कॅन्सल केली, लेझीम पथक येतंय. ढोल आत नेऊ देत नाहीत म्हणे, तर पार्किंग लॉटमध्ये वाजवू यार! मॅच झाली की मिहीरचा सत्कार. शाल, श्रीफळ. सिक्युरिटीतून नारळ जाईल ना हो?"

"विचारून सांगतो," डॉक्टर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मुलाबद्दल कुणाशी बोलताना त्यांच्या आवाजात ऐट आली होती. ते खोलीत परतले.

"एकच मॅच आहे ना?" ते म्हणाले. "आराम कर. बघू."

'बघू' म्हणजे 'हो'. त्याच घरात वाढलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागलं नाही.

शैलजाबाईंनी दाराआडून सगळं ऐकलं होतं. त्यांनी डॉक्टरांना न विचारता वीणाला बोलावलं. वीणा मेंदूविकारांची डॉक्टर, आणि पुण्याच्या मेडिकल कॉलेजापासूनची डॉक्टरांची मैत्रीण. शुक्रवारी दुपारी ती आली, दहा मिनिटं मिहीरजवळ बसली आणि स्वयंपाकघरात येऊन खुर्ची ओढत म्हणाली,

"शेखर, त्याला वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले. ऑगस्टवर अडकला."

"थकलाय गं तो."

"या डोक्यावर आणखी एक मार बसला तर काय होईल, हे मी तुला सांगायचं?"

"वीणा, दोन बस भरल्यात."

"भरू देत! तू भूल देणारा डॉक्टर. पेशंटनं सकाळी घोटभर चहा घेतला असला तरी ऑपरेशन पुढे ढकलायचास. सर्जन थयथयाट करायचे, तू जागचा हलायचा नाहीस. 'आज नाही', एवढं म्हणून तीस वर्षं माणसं वाचवलीस तू. ते एकदा स्वतःच्या पोराला म्हण!"

"श्रीरामला काय सांगू?"

वीणानं त्यांच्याकडे पाहिलं. वाईट निघालेल्या रिपोर्टकडे पाहतात तसं.

"मग मी करते संघाला फोन."

"तो तुझा पेशंट नाही. आणि सज्ञान आहे," डॉक्टर म्हणाले. कायदा त्यांना अगदी बरोबर आठवला.

शैलजाबाईंनी संघाला कळवायला फोन उचलला होता. मिहीर भिंत धरत बाहेर आला. "आई, प्लीज. सात वर्षं." त्यांच्या हातातून फोन आपोआप खाली आला. बापानं 'हो' म्हटलेल्या गोष्टीला आपण एकटीनं 'नाही' म्हणायचं, हे त्या घरात कधी झालं नव्हतं.

वीणा गेल्यावर मात्र डॉक्टर उठले. तिचं म्हणणं त्यांना पटलं होतं. पटायला काय, ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. ते मिहीरच्या दारात उभे राहिले. ते दोन शब्द ओठांवर आले होते.

मिहीरनं गॉगल काढला. "बाबा, यू आर कमिंग, राइट? फर्स्ट टाइम."

"येणार की," डॉक्टर म्हणाले.

शनिवारी पार्किंग लॉटमध्ये ढोल वाजला. पोहे वाटले गेले. आत गेल्यावर मंडळाच्या नव्वद माणसांना खेळ फारसा कळत नव्हता, पण पाठीवर 'खानोलकर' लिहिलेला माणूस दिसला की सगळे ओरडत होते, आणि शेजारचे अमेरिकन कौतुकानं विचारत होते, "युवर बॉय?" डॉक्टर "येस" म्हणत होते. सात वर्षांचं साठलेलं 'येस' त्यांनी पंचवीस मिनिटांत संपवलं.

मग मिहीर कोपऱ्यात गेलेल्या चकतीमागे, म्हणजे या खेळातल्या चेंडूमागे, गेला आणि एकानं त्याला खांद्यानं ढकललं. फार जोरात नाही. रेफ्रीनं शिट्टीसुद्धा वाजवली नाही. मिहीर पडला, उठला, सावकाश घसरत निघाला आणि जाऊन समोरच्या संघाच्या बाकावर बसला.

मंडळी खो खो हसली. "गमत्या आहे हो तुमचा मुलगा!" श्रीराम म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले.

डॉक्टर हसले नाहीत. अरे देवा, हे काय केलं मी! तीस वर्षं ज्यानं माणसांची शुद्ध हरपताना रोज पाहिली, त्या माणसाला सगळ्या स्टेडियममध्ये एकट्यालाच कळलं की आपला मुलगा आता तिथे नाही. ते पायऱ्या उतरत धावले. त्यांना खाली कुणी सोडलं नाही. ओळखपत्र नव्हतं.

व्यावसायिक फॉरवर्ड मिहीर खानोलकरची मोठ्या लीगमधली कारकीर्द: एक मॅच, शून्य गोल.

सत्कार झाला नाही. मंडळानं आठवडाभर डबे पाठवले, महिनाभर चौकशी केली. त्यानंतर कुणीच काही विचारेनासं झालं.

२००८ च्या एप्रिलमध्ये यतीनचा फोन आला. मंडळातलाच, आयटीतला, भला माणूस. त्याच्या मुलीचं, इशिताचं अरंगेत्रम, म्हणजे नृत्याचं जाहीर पदार्पण, शनिवारी होतं आणि तिच्या पायाच्या हाडाला चीर गेली होती.

"काका, एक इंजेक्शन द्या ना. तीन तास पाय बधिर राहिला की झालं. हॉल बुक आहे, तीनशे लोक येतायत, वादक चेन्नईहून आलेत."

"नाही. कॅन्सल कर."

"काका, तीनशे लोकांना आता कसं सांगू?"

"यादी घेऊन ये. दीडशे फोन मी करतो."

यतीन चिडला. दुसऱ्या दिवशी मात्र तो यादी घेऊन आला, आणि हॉलमध्ये पाऊल टाकताच आवाज खाली आणून बोलू लागला, कारण पडदे ओढलेले होते आणि कोपऱ्यात गॉगल लावलेला एक आडदांड तरुण बसला होता.

डॉक्टरांनी पहिला नंबर फिरवला. "नमस्कार, इशिताचा कार्यक्रम रद्द झालाय... नाही, नाही, तिला दुखतंय. एवढंच कारण आहे."

"बाबा, कुणाला फोन करताय?" मिहीरनं विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं. आठव्या फोननंतर त्यानं पुन्हा विचारलं, बाराव्यानंतर पुन्हा. डॉक्टरांनी प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगितलं. यतीन खाली मान घालून उरलेले नंबर लावत राहिला.

वाचकहो, तात्पर्य छोटं आहे. मूल दुखतंय म्हणालं की कार्यक्रम रद्द करावा. हॉल पुन्हा मिळतो, बस दुसरं कुणी घेतं, पाहुणे आपापल्या घरी जेवतात. समाज दोन दिवस कुजबुजतो आणि तिसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या मुलाकडे वळतो. आपलं मूल आपल्याकडेच राहतं, जेवढं उरलं असेल तेवढं.