बाहीला कोणी विचारलंच नाही

मित्रांनो, तुमच्या शर्टाला बाही असते, तसली मी नाही. मी कुत्र्यांनी चावायची बाही आहे, आणि आता चांगलीच जुनी झाले आहे. आत जाड चामडं, मध्ये लोकरी कापडाची घडी आणि वरून गोणपाट, असा माझा देह. पंधरा वर्षं मी दात सोसले आहेत. त्या दातांबद्दल मला जेवढं कळतं तेवढं या आवारात कोणालाच कळत नाही. पण मला विचारतो कोण? माझं काम चावून घ्यायचं आणि संध्याकाळी बादलीशेजारच्या खिळ्यावर लटकायचं.

मला घडवलं ताईंनी. ताई म्हणजे आमच्या मास्तरांची थोरली बहीण. आवाराच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून त्या दप्तरं, पट्टे, पिशव्या शिवतात. जे उसवलं ते ताईंकडे जायचं. मी दर आठवड्याला उसवायची, त्यामुळे माझा अर्धा जन्म त्यांच्या मांडीवर गेला.

मास्तर राखणीची कुत्री तयार करतात. कारखान्यांना, गोदामांना त्यांच्या हातची कुत्री हवी असतात. माणूस कामाचा पक्का आणि कुत्र्यांवर जीव लावणारा, हे मला आधीच सांगून टाकू दे. पुढे मी जे बोलणार आहे ते ऐकून तुम्ही त्यांना दुष्ट समजाल, तर तसं नाही. दुष्ट असते तर मला एवढा राग आला नसता.

परीक्षा अशी व्हायची. मास्तर मला डाव्या हातावर चढवायचे, पट्टे आवळायचे आणि चोर होऊन पळायचे. कुत्र्याने धावत येऊन मला धरायचं. नियम दोनच. चोर हात झाडतोय तोवर सोडायचं नाही. चोराचा हात थांबला की लगेच सोडायचं आणि समोर बसायचं. मग मास्तर वहीत शेरा लिहायचे.

आता हा सरदार बघा. तीन वर्षांचा धिप्पाड नर. माझ्याकडे धावत यायचा खरा, पण वाटेत जेवढे खांब लागतील तेवढे हुंगून, प्रत्येकापाशी पाय वर करून. दोनदा तर तो मलाही खांब समजला. तो प्रसंग मी इथे वाढवत नाही. दोन वर्षांचा झाला तरी स्वतःच्या शेपटीमागे गरगर फिरायचा आणि मास्तर हसून म्हणायचे, "पोरगं आहे अजून, येईल अक्कल." एकच गोष्ट वीस वेळा करायला सांगा, कौतुकाच्या एका शब्दासाठी तो वीस वेळा करणार. स्वभावाने सरदार चांगलाच आहे. माझं भांडण त्याच्याशी नाही.

माझं भांडण वहीशी आहे. मिरी नावाची एक बारीक, काळी मादी होती. सरदारला जे शिकायला पंधरा दिवस लागले, ते तिने दोन दिवसांत उचललं. पण तेच ते पाचव्यांदा करायला सांगितलं की ती खाली बसायची आणि दुसरीकडे बघायची. 'कळलं ना एकदा, आता पुढचं सांगा,' असा तिचा चेहरा. वहीत शेरा काय लागला? सरदार: आज्ञाधारक. मिरी: लहरी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

एवढ्यावरही मी गप्प बसले असते. पण ढोल्याचं ऐका. ढोल्या म्हणजे घोड्याएवढा नर, आणि झाडूला भ्यायचा. झाडलोट सुरू झाली की पिंपामागे जाऊन बसायचा. त्याच्यापुढे मास्तरांनी लिहिलं, 'ढोल्या भित्रा.' बरोबर आहे, ढोल्या होताच भित्रा. पण मिरीने पहिल्या परीक्षेत तीन सेकंदांत मला सोडलं तेव्हा काय लिहिलं? 'पकड टिकत नाही. मादी.' बघितलंत? नर चुकला तर तो एकटा चुकला. मादी चुकली की जगातल्या सगळ्या माद्या तिच्याबरोबर चुकल्या. मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती.

दुसरी परीक्षा तर मिरीचे माजाचे दिवस असताना घेतली. वर्षातून दोनदा मादीचे असे काही दिवस येतात. अंग जड होतं, लक्ष उडतं. जाणत्या माणसाने परीक्षा पुढे ढकलावी. खरी गंमत म्हणजे त्या आठवड्यात नरांचंच डोकं जास्त फिरलं होतं. सरदारने अन्न सोडलं. ढोल्या झाडूलासुद्धा विसरला आणि भिंतीकडे तोंड करून रडत बसला. परीक्षा झाली असती तर आवारातले पाचही नर नापास झाले असते, पण त्यांची परीक्षाच रद्द झाली. वहीत शेरा आला, 'मिरीमुळे व्यत्यय.'

आणि तिसऱ्यांदा नापास होणाऱ्या कुत्र्याची रवानगी व्हायची दगडाच्या खाणीवर. तिथे शिकलेलं काही लागत नाही. साखळीला बांधून ठेवतात आणि जन्मभर भुंकायला लावतात. दुपारी खाणवाल्याचा टेम्पो येणार होता, आणि त्या सकाळी मिरीची तिसरी परीक्षा होती.

ती आली ती बाणासारखी. एकाही खांबाकडे बघितलं नाही. तिचे चार सुळे गोणपाटातून, लोकरीतून सरळ माझ्या चामड्यापर्यंत पोचले. पंधरा वर्षांत इतकी स्वच्छ पकड मी क्वचितच अनुभवली. मी मनात म्हटलं, शाब्बास पोरी, आता सोडू नकोस. आणि तेवढ्यात माझ्या आत मास्तरांचा हात ढिला पडला.

होय. हेच मला वर्षानुवर्षं ओरडून सांगायचं होतं. सरदारपुढे मास्तरांचा हात शेवटपर्यंत झाडत राहायचा. मादी आली की तिसऱ्या श्वासाला तो सैल पडायचा. बाहेरून दिसायचं नाही, पण मी त्या हातावरच बसलेली. हात थांबला की सोडायचं, हा नियम मास्तरांनीच शिकवलेला. मिरीने तो पाळला. सोडलं आणि समोर बसली. मास्तरांनी मान हलवली आणि लिहिलं, 'पकड टिकत नाही. मादी.'

हात का ढिला पडायचा, तेही मला ठाऊक आहे. बारा वर्षांपूर्वी सोनी नावाची मादी होती, मास्तरांची लाडकी. माझं गोणपाट फाटून आतलं बक्कल वर आलं होतं. सोनीने जोरात धरलं आणि तिचा सुळा बक्कलावर मोडला. रक्ताने मी भिजले. मास्तर तिला मांडीवर घेऊन जमिनीवर बसून राहिले, जेवले नाहीत. ताईंनी त्याच दिवशी बक्कल काढून दुसऱ्या बाजूला लावलं, त्यामुळे पुन्हा कोणाचा दात मोडायची भीती उरली नाही. पण ते त्या हाताला कोण सांगणार? तेव्हापासून मादीचे दात लागले की तो माया करायचा. त्या मायेने किती जणी साखळीला गेल्या, याचा हिशेब हाताने कधी केला नाही.

परीक्षा संपली तशी मी ताईंच्या मांडीवर गेले. त्यांनी दाभण उचललं, मला उलटसुलट केलं आणि थांबल्या. मग हाक मारली.

"बाळ्या, इकडे ये जरा."

मास्तरांना बाळ्या म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलं आहे. मास्तर आले.

"ही चार भोकं कोणाची रे?"

"सरदारची असतील. एवढं खोल दुसरं कोण जातंय?"

"सरदारने फाडलेलं मी दोन वर्षं शिवतेय. तो एका जागी धरतच नाही, चारदा तोंड बदलतो. हे लांब लांब फाटलंय ना, ते त्याचं. आणि ही भोकं बघ, सरळ आत गेलीत. चारातलं एक लहान आहे. खालचा डावा सुळा आखूड कोणाचा आहे?"

मास्तरांनी लहान भोकावर बोट ठेवून बघितलं. आखूड सुळा मिरीचा होता, हे त्यांना माहीत होतं.

"मग एवढं धरून ती तीन सेकंदांत का सोडते?" त्यांनी विचारलं.

"ते मला काय विचारतोस? हात तुझा होता."

"ताई, माद्यांचं असंच असतं. मी वीस वर्षं कुत्री शिकवतोय."

"आणि मी वीस वर्षं तुझी कुत्री शिवतेय. नाचता येईना अंगण वाकडं, असं होऊ देऊ नकोस." त्या उठल्या आणि त्यांनी मला स्वतःच्या हातावर चढवलं. मी त्यांना ढगळ झाले. त्यांनी पट्टा शेवटच्या भोकात अडकवला.

"वेडी आहेस का? हात मोडेल."

"मोडला तर दुसऱ्या हाताने शिवीन. सोड तिला."

ताईंना पळता येत नाही, गुडघे दुखतात. त्या अंगणात पाय रोवून उभ्या राहिल्या. मिरी आली, धरलं. ताईंनी हात झाडायला सुरुवात केली, चिवट शिवण ओढून उसवावी तसा. मास्तर मोठ्याने आकडे मोजत होते. दहा झाले, वीस झाले. चाळिसाला त्यांचा आवाज बारीक झाला आणि मग त्यांनी मोजणंच सोडलं. मिरी लोंबकळत होती, डोळे मिटून. शेवटी ताई दमल्या आणि हात थांबवला. त्याच क्षणी मिरीने सोडलं, समोर बसली आणि मास्तरांकडे बघितलं.

"आता तू घाल," ताई धापा टाकत म्हणाल्या.

मास्तरांनी मला घातलं. मिरी आली, धरलं, आणि तिसऱ्या श्वासाला हात ढिला पडला. मिरीने सोडलं.

"सुटला," ताई म्हणाल्या.

"सुटली."

"हात सुटला म्हणतेय मी. तुझा खांदा बघत होते. परत कर."

परत केलं. या वेळी मास्तरांनी दात आवळले होते, तरी हात त्यांचं ऐकेना. तो सैल पडला, आणि पडताना त्यांना स्वतःलाच कळलं. ते पायरीवर जाऊन बसले. माझं अस्तर त्यांच्या घामाने ओलं झालं होतं.

खाणवाल्याचा टेम्पो आला. मास्तर मला हातावर घेऊनच फाटकाशी गेले.

"कुत्री द्यायची नाही," ते म्हणाले.

"का, सुधारली वाटतं?"

"ती आधीपासूनच चांगली होती."

खाणवाला हसला. "तुमच्या आधीच्या सगळ्या माद्या चांगल्या भुंकल्या हो. आता एकच उरलीय, ती भुरी. म्हातारी झालीय. बाकीच्या गेल्या."

तो गेल्यावर मास्तरांनी जुन्या वह्या काढल्या. ताई शेजारी बसल्या. मिरीच्या आधी अकरा जणींपुढे तेच वाक्य निघालं, त्याच अक्षरात. भुरीचं आठ वर्षांपूर्वीचं. ताईंना बोलायचं होतं, मला दिसत होतं. पण भावाचा चेहरा बघून त्या गप्प राहिल्या. मला तोंड असतं तर मी गप्प राहिले नसते.

दुसऱ्या दिवशी मास्तर खाणीवर गेले. ताईंनी मला पिशवीत कोंबलं. "हिला घेऊन जा. हिने सगळं सोसलंय," म्हणाल्या. त्यांच्या एवढ्या बोलण्यावर मी पंधरा वर्षांचा शीण विसरले.

भुरी एका खुंटाला बांधलेली होती. साखळी पोचते तेवढी जमीन गोल गोल झिजली होती. तिचं तोंड पांढरं झालं होतं. मास्तरांना तिने ओळखलं की नाही, सांगता येत नाही. पण त्यांनी तिची साखळी काढली, मला पिशवीतून बाहेर घेतलं, आणि भुरी ताठ उभी राहिली. मास्तरांनी मला हातावर चढवलं आणि हळूच पुढे केलं.

तिने धरलं. मी दात लागायची वाट बघत राहिले आणि दात लागलेच नाहीत. आठ वर्षं साखळी चावून तिचे सुळे हिरड्यांपर्यंत झिजले होते. तरी सगळं अंग टाकून ती मला धरून राहिली. मास्तर रडत होते आणि हात झाडत होते. तिसरा श्वास गेला, दहावा गेला. हात ढिला पडला नाही. मग त्यांनी तो थांबवला. भुरीने तत्क्षणी सोडलं आणि ती समोर बसली. आठ वर्षांत तिला तो नियम कोणी विचारला नव्हता. तिला आठवत होता.

भुरी आता ताईंच्या खिडकीखाली झोपते. मिरी एका मोठ्या गोदामाची राखण करते आणि मास्तर तिला महिन्यातून एकदा भेटून येतात. त्यांच्या वहीत आता 'नर' किंवा 'मादी' हा शब्द शेऱ्यात येत नाही. सरदार अजूनही खांब हुंगतो.

हे सगळं छान झालं, मित्रांनो, पण माझा राग गेलेला नाही. अकरातली एक परत आली. बाकी दहा जणींचे दात माझ्या ठिगळांखाली आहेत, आणि त्या सगळ्या पास झाल्या होत्या. उद्या तुमच्या हाताखाली कोणी शिकेल, धाकटं भावंड असेल, कुत्र्याचं पिल्लू असेल. ते चुकलं तर 'यांचं असंच असतं' म्हणण्याआधी आपला हात बघा. आणि स्वतःचा हात स्वतःला दिसत नसेल, तर जी रोज तुमच्या हातावर चढते, तिला एकदा तरी विचारा.