गुरुवारी सहाचा सौना

स्वमग्न माणसांना वेळापत्रक फार आवडतं, असं ज्याने कोणी सांगून ठेवलंय ना, त्याला एखाद्या गुरुवारी तुइयाच्या घरी बसवायला हवं. आवडतं हो, कोण नाही म्हणतंय? तुइयाला चंद्रावर जायलाही आवडेल. पण आवडणं वेगळं आणि जमणं वेगळं.

आमच्या कुओपिओ शहराच्या नगरपालिकेने तिला यार्क्को नावाचा मदतनीस दिला होता. तिशीतला, दाढीवाला, मनाने लोणी. त्याने तिच्यासाठी स्वयंपाकघरात वेळापत्रकाचा फळा लावला. जेवण पिवळं, काम निळं, विश्रांती हिरवी. तुइयाला फळा इतका आवडला, की दोन दिवस खपून तिने त्यावरचे सगळे चौकोन एकसारखे केले आणि हिरवा रंग बदलून जरा बरा हिरवा आणला. त्या दोन दिवसांत जेवायचं मात्र राहून गेलं. पिवळ्यात ठसठशीत लिहिलेलं असूनही!

"नेमकं अडतं कुठे?" यार्क्कोने विचारलं.

"सुरू करताना. आणि थांबवताना."

"आणि मधे?"

"मधे झकास चालतं की."

यार्क्को बिचारा दाढी खाजवत घरी गेला.

आता सौनाचं. इमारतीच्या तळघरात सगळ्यांचा मिळून एक सौना, म्हणजे वाफ घ्यायची लाकडी खोली, दर घराला आठवड्यातून एक तास. गुरुवारी सहाचा तुइयाचा. आठवडाभर तिला दिव्यांची घूंघूं टोचायची, सदऱ्याची कॉलर टोचायची, माणसं तर टोचायचीच. त्या गरम अंधारात तेवढा एक तास काही म्हणजे काही टोचायचं नाही. जगाकडे तिचं दुसरं मागणं नव्हतं, आणि नेमकं तेच आता हातचं जायला आलं होतं.

कारण दोनदा घोळ झाला होता. एकदा ती लिफ्टच्या माहितीपुस्तकाचं भाषांतर करत बसली (तेच तिचं काम) आणि सौनाला गेलीच नाही. तापवलेला सौना रिकामा! आमच्याकडे हे म्हणजे भरल्या पानावरून उठून जाण्यासारखं. दुसऱ्यांदा गेली, पण वेळेत बाहेरच आली नाही, आणि सातच्या तासाची मालकीण आइलीबाई टॉवेल गुंडाळून गारठ्यात ताटकळली. आता ही आइलीबाई म्हणजे इमारतीच्या समितीची अध्यक्ष. तिने बजावलं, "तिसऱ्यांदा असं झालं तर तास गेला." तिसऱ्या मजल्यावरचं तरुण जोडपं त्या तासासाठी देव पाण्यात ठेवून बसलंच होतं.

तुइयाने ठरवलं, मेले तरी या गुरुवारी चुकणार नाही. ती दुपारीच टॉवेल गुंडाळून घड्याळासमोर खुर्चीत बसली. काम काढलं असतं तर त्यात बुडाली असती, स्वयंपाकाचंही तेच. यार्क्कोचा फोन आला.

"काय चाललंय?"

"सौनाला जातेय."

"आत्ता? अगं, एक वाजलाय!"

"म्हणून तर बसलेय."

आणि पोचली हो वेळेवर! तापलेल्या दगडांवर पाणी ओतलं, वाफ उठली, खांदे सैल झाले. बाहेर कपड्यांच्या खोलीत ठेवलेल्या फोनचा गजर वेळ संपताना वाजला. तिला ऐकू आला. उठायचंय हेही कळलं. पण कळणारं डोकं वरच्या मजल्यावर, पाय तळमजल्यावर, आणि मधली लिफ्ट बंद. ती बसूनच राहिली.

दार उघडलं. आइली आत आली. वय ऐंशीला टेकलेलं, अंगावर एका लोकरी टोपीखेरीज काही नाही, हातात बर्चच्या डहाळ्यांची जुडी, सौनात अंग मोकळं करायला पाठीवर मारून घेतात ती.

"तिसरी वेळ," ती म्हणाली.

"माहितीये."

"तो गजर तिकडे बोंबलतोय, तुला ऐकू येत नाही?"

"येतोय की."

"मग उठत का नाहीस, बाई?"

तुइयाचा बांध फुटला. "उठवत नाही म्हणून! दुपारपासून टॉवेल लावून बसलेय मी, आइलीबाई. जेवले नाही, कामाला हात लावला नाही. हा एक तास मिळवायला माझा अख्खा गुरुवार गेला! आणि तुम्ही इमारतभर सांगता, पोरगी बेफिकीर आहे!"

तिला रडू कोसळलं. घामात मिसळलं, तेवढीच अब्रू वाचली.

आमच्याकडे सौनात भांडत नाहीत. भांडण कपड्यांबरोबर बाहेर खुंटीला टांगायचं. आइली वरच्या फळीवर चढली, पळीभर पाणी दगडांवर ओतलं आणि वाफ अंगावर येऊ दिली.

"तास जाणार," मग ती म्हणाली. "नियम माझाच आहे. मीच मोडला तर तिसऱ्या मजल्यावरचे मला सोलून खातील."

"हं."

"पण सातचा तास माझा. त्यात कोणाला बसवायचं हे समितीच्या बापाला विचारणार नाही मी. येताना तुझं दार ठोकीन, निघताना दंड धरून बाहेर काढीन."

"यात तुमचा काय फायदा?" तुइयाने विचारलं. प्रश्न पडला की विचारायचा, आडपडदा तिला ठाऊकच नव्हता.

आइलीने जुडी पुढे केली. "नवरा गेल्यापासून पाठीवर ही मारायला कोणी नाही. माझा हात पोचत नाही."

"जोरात की हळू?"

"माझ्यावर राग आहे तेवढी मार."

तुइयाने अगदी प्रामाणिकपणे मारली.

"अगं आई गं!" म्हातारी किंचाळली. मग म्हणाली, "का थांबलीस?"

"दर वेळी इतकं बोलणार आहात का तुम्ही?"

"छे! आजचं वर्षभराला पुरे."

"मग येईन," तुइया म्हणाली.

पुढच्या गुरुवारी ती खुर्चीत बसली नाही. दुपारी राय धान्याच्या काळ्या पावाबरोबर मटारचं सूप प्याली, कामाला बसली, आणि आज गुरुवार आहे हेच विसरून गेली. संध्याकाळी दार धडाधड वाजलं.

"पाच मिनिटं!" दार उघडत ती म्हणाली. "एवढं एक वाक्य संपवते."

"नाही," आइली म्हणाली, आणि खुंटीवरचा टॉवेल काढून तिच्या खांद्यावर टाकला.

तुइयाने मागे टेबलाकडे पाहिलं, मग आइलीकडे. आणि आयुष्यात पहिल्यांदाच अर्धं वाक्य तसंच सोडून ती जिना उतरायला लागली.