मैनेची भातुकली

फाल्गुनाच्या उतरत्या उन्हात वाईचा घाट केशरी झाला होता. कृष्णेचे पाणी कृश, संथ, मौनमग्न. पांगाऱ्याची रक्तफुले त्यावर एकेक उतरत होती, आणि पाणी त्यांना काही न विचारता वाहून नेत होते.

त्या सांजवेळी कुंदा आपल्या बालमैत्रिणीच्या, शालनच्या, ओंजळीत पितळेची भातुकली ठेवत होती. चूल, तवा, परात, कळशी, बोटभर उंचीचा बंब. आणि मुठीत मावेल एवढी पातेली.

शालनने आयुष्यभर भातुकल्या जमवल्या होत्या. गावोगावच्या माळ्यांवरून, मोडीच्या दुकानांतून, विस्मृतीच्या धूलिशय्येवरून तिने परक्यांची बालपणे उचलून आणली होती. पण ही कुंदाच्या लेकीची, मैनेची. ही तिने वर्षानुवर्षे मागितली, आणि वर्षानुवर्षे कुंदाने नुसती मान हलवली. मैना सहाव्या वर्षी तापात गेली. तेव्हापासून ही भातुकली फडताळात जशीच्या तशी, निःशब्द, तमोलिप्त.

"आता पुतण्याकडे जायचंय, नागपूरला," कुंदा म्हणाली. "तिथे कोण बघणार हिच्याकडे? तुझ्याकडे नीट राहील."

"डोळ्यांत तेल घालून जपेन."

कुंदाचे ओठ विलगले. काही सांगायचे होते. पण शालनच्या डोळ्यांत लाभाचा लखलखाट होता, आणि कुंदाचे ओठ पुन्हा मिटले.

घरी येताच शालन चिंच, राख नि काथ्या घेऊन बसली. घासता घासता काळिमा वितळला. तव्याचा चंद्र झाला, परातीचा सूर्य झाला, कळशीच्या कटीवर कांचनकांती उमलली. पातेलीच्या तळाशी मात्र काही वाळलेले, तपकिरी, हट्टी लागले होते. नखाने निघेना. तिने चिंचेचा कोळ ओतून ते भिजत ठेवले. मग ते निघाले.

चैत्रात, नागपूरला निघण्याआधी, कुंदा वाचनालयात शालनच्या भातुकल्यांचे प्रदर्शन पाहायला आली. दीपोज्ज्वल दालन, पितळेचे पीतप्रभ, झगमगते जग. मैनेच्या भातुकलीपाशी ती थांबली. पातेली उचलून तिने उजेडाकडे तिरकी केली. आत पाहिले. बराच वेळ पाहिले.

"घासलीस?"

"काळी पडली होती गं."

"हो. काळी पडली होती."

मग हळू, अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "ताप भरला त्या दुपारी तिनं यात गुळाचा भात केला होता. मला म्हणाली, थांब आई, निवू दे. ढवळताना तिचं बोट तळाशी उमटलं होतं. मी कधी धुतली नाही."

शालन म्हणाली, "सांगायचंस मला."

"सांगणारच होते. तू इतकी आनंदात होतीस."

स्वरात राग नव्हता. राग असता तर शालनला तो अंगावर घेता आला असता. कुंदाने पातेली पदराने धरून, जणू अजून निवायची आहे अशी, अलगद चुलीवर ठेवली. आणि ती जिना उतरून गेली.

दालन रिते झाले. शालनने पातेली हाती घेतली, आत बोट घातले. गुळगुळीत. गार. निष्कलंक. तिने उजेडाकडे तिरकी करून पाहिली. आणि त्या लखलखीत, निर्दय तळाशी तिला दिसला तो तिचाच चेहरा, वृद्ध, पिवळा, एकटा.